मानेखालचा माणूस

(मुरगूडला पोरांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहिलं ते लिहिताना घातलंय. जास्त बोललो ते तसंच ठेवलंय.)

मला इथं बोलावलं ते कविता वाचायला. कविता आज वाचणार नाही. गोदीतली पाळी संपवून रात्रीची गाडी धरून आलोय, आणि गाडीत डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, ती सांगतो. उभ्या माणसाचा फोटो कसा काढायचा. डोक्याच्या केसापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत अख्खा माणूस, आणि त्याच्या भोवतीनं त्याची जागा.

हसू नका. मागं बसलेला तो भाऊ हसतोय. त्याला वाटतंय, ही कसली चळवळ? लेका, तुझ्या खिशात फोन आहे. दिवसाला दहा फोटो काढतोस. त्यातल्या नऊ फोटोंत तुझंच थोबाड आणि दहाव्यात पुढाऱ्याचं. तुझ्या आईचा पायापर्यंतचा एक फोटो आहे का तुझ्याकडं? हो का नाही, एवढंच सांग. नाही ना? माझ्याकडंही नव्हता. तिथनंच सुरू करतो.

दोन वर्षांमागं माझी आज्जी गेली. ह्याच मुरगुडात. जलदानविधीला फोटो पाहिजे म्हणून घर उलथंपालथं केलं. पत्र्याची पेटी, कागदांची पिशवी, गादीखालचं सगळं. सापडलं ते असं : आधार कार्डावरचा फोटो, पेन्शनच्या फॉर्मला लावून उरलेला फोटो, बँकेच्या पासबुकावरचा शिक्का बसलेला फोटो. तिन्ही मानेपर्यंत. आज्जीनं जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात भांगलण केली, वीटभट्टीवर विटा वाहिल्या, वेदगंगेवर धुणं धुतलं. पण सरकारला तिच्या मानेखालच्या आज्जीशी काही कामच पडलं नाही. आम्हालाही पडलं नाही. हे दुसरं जास्त लागलं.

तो आधारचा फोटो घेऊन एका स्टुडिओत गेलो. गावाचं नाव सांगत नाही. त्यानं कॉम्प्युटरवर आज्जीची मान कापली आणि दुसऱ्याच कुठल्या बाईच्या धडावर बसवली. हिरवा जरीकाठी शालू, हातात पाटल्या, मागं धबधबा आणि विलायती फुलांची बाग. चार फुटांचा फ्लेक्स झाला. माझ्या आज्जीच्या उजव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं, विळ्यानं गेलेलं. फ्लेक्सवर दहाच्या दहा बोटं. लोक आले, हात जोडले, म्हणाले, म्हातारी किती झ्याक दिसतीया. माझी आई मात्र बराच वेळ बघत राहिली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘ही कोण बाई हाय रं?’’

मला त्या स्टुडिओवाल्याचा राग नाही. त्याला आम्ही जेवढं दिलं तेवढ्यात त्यानं भागवलं.

मुंबईला परत गेलो तर गोदीच्या गेटावर पास दाखवताना हेच पुन्हा. माझाही फोटो मानेपर्यंत. काम करतात ते हात, खांदे, कंबर, पोटऱ्या. पासावर त्यातलं काही नाही. आणि गेटाच्या आत फोटो काढायला बंदी. म्हणजे बघा, मी जिथं दिवस काढतो, पोलादाच्या कॉइलला साखळ्या लावतो, तिथला माझा एकही फोटो असू शकत नाही. सुरक्षेचा नियम आहे, असू दे. पण त्यानं होतं असं, की गोदी दिसते ती जहाजमालकाच्या कॅलेंडरात, आणि तिथं कामगार दिसलाच तर मुंगीएवढा.

तर मग मी ह्या विषयाच्या मागं लागलो. जुनी पुस्तकं बघितली, फोटोवाल्यांना विचारलं. आणि कळलं की आज्जीचं जे झालं ते फ्लेक्सच्या जमान्यातलं नवं खूळ नाही. मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज फोटोवाला होता. त्यानं मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींवर दोन भागांत पुस्तक काढलं, १८६३ आणि १८६६ साली. त्यात माणसं पायापर्यंत आहेत, मागं मुंबईचे देखावे आहेत. फक्त माणूस त्या देखाव्यासमोर कधी उभाच नव्हता! माणसं एकीकडं टिपलेली, देखावा दुसरीकडं, आणि छापताना दोन्ही जोडलेले. त्यानंतर १८६८ ते १८७५ मध्ये इंग्रज सरकारनं ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड काढले. सत्तावन्नचं बंड होऊन गेलं होतं, कोण कोण आपल्या ताब्यात आहे ते साहेबाला बघायचं होतं. फोटोच्या खाली बहुतेक ठिकाणी माणसाचं नाव नाही, जातीचं आहे. ह्यातली कित्येक माणसं आपल्यासारखीच पायापर्यंत उभी आहेत. पण ती उभी राहिलेली नाहीत, उभी केलेली आहेत. हा फरक ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

आता कामाचं सांगतो. कसं काढायचं.

पहिली गोष्ट, लांब व्हा. फोनचं भिंग मुळात रुंद बघणारं असतं. जवळनं, आपल्या डोळ्याच्या उंचीवरनं अख्खा माणूस घ्यायला गेलात तर डोकं भोपळ्याएवढं आणि पाय पोरासारखे येतात. म्हातारी माणसं तर अगदीच खुजी दिसतात. आठ-दहा पावलं मागं जा, लागलं तर फोनवर दोनपट करा, आणि फोन आणा समोरच्याच्या कमरेच्या उंचीवर. स्वतः गुडघ्यावर बसा. जुने स्टुडिओवाले दोन डोळ्यांचा यॅशिका पोटाशी धरून वरनं खाली बघत फोटो काढायचे, आठवतंय? निदान आजोबांकडनं ऐकलं असेल. त्या फोटोंत माणूस ताठ आणि प्रमाणात दिसतो, त्याचं एक कारण हेच, कॅमेरा पोटाच्या उंचीवर. वरनं काढलात तर माणूस दबतो. फार खालनं काढलात तर चौकातला डिजिटल पुढारी होतो, हनुवटी पुढं आणि नाकपुड्या दिसतायत. कमरेची उंची ही बरोबरीची उंची.

दुसरं. सांध्यावर कापू नका. घोट्यावर, गुडघ्यावर, मनगटावर फोटोची कड आली की माणूस तुटल्यासारखा दिसतो. घ्यायचा तर पुरा घ्या, आणि पायाखाली वीतभर जमीन सोडा. जमीन दिसली नाही तर माणूस लोंबकळतो. आपल्याला जमीन तशीही मिळाली नाही, फोटोत तरी वीतभर ठेवा.

तिसरं, मागच्या रेघा. डोक्यातनं निघालेला विजेचा खांब, कानातनं गेलेली तार, हे तर झालंच. पण सगळ्यात वाईट म्हणजे मानेला येणारी आडवी रेघ. भिंतीचा वरचा काठ, शेताचा बांध, पत्र्याची वळचण. ती बरोबर मानेवर आली की माणसाची मान कापली जाते, आणि बघणाऱ्याला कळतही नाही की आपल्याला हे अस्वस्थ का करतंय. दोन पावलं डावीकडं सरका. तेवढंच लागतं.

चौथं म्हणजे ते फोनमधलं मागचं धुरकट करणारं बटण. बंद करा. त्याला माणूस आणि मागचं ह्यातली कड नीट कळत नाही, पदराची टोकं, विळ्याचं पातं, काठी, सगळं खातं. आणि मला तर त्याचा वेगळाच राग आहे. आपली वस्ती पुसायला आधीच लोक कमी आहेत काय?

आता उजेड. इथं जरा थांबतो.

भर दुपारी बारा वाजता फोटो काढू नका, डोळ्यांच्या जागी खड्डे येतात. सकाळचा आणि चार-पाचच्या पुढचा उजेड तिरका असतो, अंगाला गोलाई देतो, सुरकुती सुरकुती दाखवतो. हे कुठलाही फोटोवाला सांगेल. आणि त्या उजेडात सावली लांब पडते. आता ऐका. गो. स. घुर्ये म्हणून समाजशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांनी १९३२ सालच्या आपल्या जातीवरच्या पुस्तकात लिहून ठेवलंय, की पेशवाईत पुण्याच्या वेशीच्या आत महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी यायला बंदी होती. का? तर त्या वेळात माणसाची सावली लांब पडते आणि ती वरच्या जातीच्या अंगावर पडेल. म्हणजे घड्याळ लावून बघा. फोटोला जो उजेड सगळ्यात चांगला, त्याच वेळात आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या अंगावर उजेड पडायला बंदी. मी हे वाचलं तेव्हा पाळी संपवून चाळीच्या जिन्यात बसलो होतो. पुस्तक मिटलं आणि पहिल्यांदा ठरवलं, की मी फोटो काढीन तो नऊच्या आत आणि तीनच्या पुढं, आणि सावली कधी कापणार नाही. सावली फोटोत अख्खी घ्यायची. तिनं माणूस जमिनीला चिकटतो, हा तिचा धंद्यातला उपयोग. दुसरा उपयोग मी सांगायला नको.

रंगाचंही बोलून टाकतो. पांढऱ्या भिंतीपुढं सावळा माणूस उभा केला की फोन भिंत बघून ठरवतो, उजेड जास्त झाला, आणि चेहरा कोळशासारखा करतो. कॅमेऱ्याची ही खोड जुनी. अमेरिकेत कोडॅक कंपनी रंग जुळवायला प्रयोगशाळांना गोऱ्या बाईचं चित्र असलेलं कार्ड पाठवायची, ‘शर्ली कार्ड’ म्हणायचे त्याला. गोरी बाई नीट आली की मशीन नीट. तेव्हा फोनवर समोरच्याच्या गालावर बोट दाबा, उजेड थोडा वर सरकवा. भिंत फटफटीत झाली तरी चालेल. भिंतीचा फोटो नाही काढत आपण. पण एवढा वरही सरकवू नका की काळी आई गोरी होईल. तसली मेहरबानी लग्नाचे फोटोवाले करतातच.

इथवर सोपं आहे. अवघड आहे ते मागं काय ठेवायचं हे. ह्यात मी स्वतः तोंडावर आपटलोय, ते सांगतो.

आमच्या टोळीत एक म्हातारा आहे, साताऱ्याकडचा. मला त्याचा फोटो काढायचा होता. आत बंदी, म्हणून सुट्टीच्या दिवशी दारूखान्याच्या बाजूला घेऊन गेलो. कवी ना मी! वास्तव पाहिजे मला! एका गटाराच्या कडेला, प्लास्टिकच्या ढिगाऱ्यापुढं त्याला उभा केला. म्हणालो, तात्या, हलू नका. चार फोटो काढले, दाखवले. तात्यानं फोन लांब धरून बघितलं आणि म्हणाला, ‘‘ह्या उकिरड्याचा आन् माझा संबंध काय? मी हितं ऱ्हातो? का हितं काम करतो? मी रोज आंघुळ करून कामावर येतो. तुला माझा फोटू पायजे का तुज्या कवितेचा?’’

दोस्तहो, माझी जीभ टाळ्याला चिकटली. जॉन्सन साहेबानं जे केलं तेच मी केलं होतं. त्यानं मागं सुंदर मुंबई चिकटवली, मी घाण मुंबई चिकटवली. माणसाला विचारलं दोघांनीही नाही. आपल्यातले बरेच शिकलेले दोस्त हेच करतात. वस्तीत येतात, गटार शोधतात, त्याच्यापुढं पोर उभं करतात, आणि प्रदर्शनात बक्षीस घेतात.

दुसऱ्या दिवशी पाळीच्या आधी तात्या स्वतः सांगत होता. यलो गेटच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून नाही, भिंतीपासून चार हात पुढं. हेल्मेट डोक्यात, पिवळं जाकीट अंगात, हातमोजे कमरेला खोचलेले. भिंतीच्या वर क्रेनची मान दिसत होती. त्याला ती पाहिजे होती. ‘‘क्रेन घे, क्रेन घे,’’ म्हणाला, ‘‘तिला साखळी मीच लावतो.’’ त्या फोटोत गरिबी कमी दिसते, पण तात्या पुरा आहे.

ह्याच्यावरनं मला माझ्या बापाचा फोटो आठवला. बानं तरुणपणी कोल्हापुरात कामाला असताना स्टुडिओत काढलेला. मागं रंगवलेला पडदा. पडद्यावर राजवाड्याचा जिना, कारंजं. बाच्या हातात स्टुडिओवाल्याची प्लास्टिकची फुलं, पायात स्टुडिओवाल्याचेच बूट. मी मोठा झाल्यावर ह्या फोटोला खूप हसलोय. खोटा फोटो, म्हणायचो. आता नाही म्हणत. बानं आठवड्याच्या मजुरीतनं पैसे मोजले, चार पडद्यांतनं तो पडदा निवडला, आणि त्या जिन्यासमोर पाय रोवून उभा राहिला. त्या जिन्यावर चढायचा त्याचा विचार होता, तो त्यानं नोंदवून ठेवला. आज्जीच्या मागचा धबधबा आणि बाच्या मागचा जिना, दोन्ही खोटे. पण एक तिच्यावर टाकलेला आणि दुसरा त्यानं मागितलेला.

अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव तुम्हाला माहीत आहे, त्यांच्यावरनंच १९७२ मध्ये मुंबईत आपल्या लोकांनी पँथर हे नाव घेतलं. त्यांच्या ह्यूई न्यूटनचा १९६७ चा फोटो बघा. वेताच्या मोठ्या पंख्यासारख्या पाठीच्या खुर्चीत बसलाय, एका हातात बंदूक, एका हातात भाला, पायाखाली झेब्र्याचं कातडं. सगळी मांडामांड केलेली, एल्ड्रिज क्लीव्हर ह्या त्यांच्याच साथीदारानं. त्याला कोणी खोटा म्हणत नाही. काळ्या माणसाला कुणी सिंहासन देत नव्हतं, त्यांनी वेताचं करून घेतलं.

आणि एक जर्मन होता, आउगुस्ट सांडर. त्यानं आपल्या देशातली सगळ्या धंद्यांतली माणसं टिपायला घेतली, आचारी, गवंडी, मजूर, वकील, बेकार. १९१४ मधला त्याचा एक फोटो आहे, तीन तरुण शेतकरी. कोट, टोपी, हातात काठ्या, नाचाच्या कार्यक्रमाला निघालेत, आणि उभे आहेत मातीच्या रस्त्यावर, मागं उघडं शेत. सूट वरचा, माती खालची. दोन्ही एकाच चौकटीत, आणि दोन्ही खरे. त्याच्या १९२९ च्या पुस्तकाचे छपाईचे ठोकळे नाझींनी १९३६ मध्ये नष्ट केले. त्यांना जसली जर्मन माणसं पाहिजे होती तसली ह्या पुस्तकात सापडली नाहीत.

आपल्या जिल्ह्यालाही ह्यात काही कमी नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. पडद्यावर तेव्हा देव आणि राजे चालत, ह्यांनी सावकारानं नागवलेला शेतकरी आणला, त्याच्या झोपडीसकट. आणि मुंबईत सुधारक ओलवेंनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले, त्यांच्या कामाच्या जागी, त्यांच्या घरात. २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. त्यांचे फोटो बघा म्हणजे माझ्या गटारातल्या फोटोत आणि त्यांच्या गटारातल्या फोटोत काय फरक आहे ते कळेल. त्यांचा माणूस तिथं खरंच काम करतो.

बाबासाहेबांचं एक सांगतो. बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा बसला ९ डिसेंबर १९५० ला, बाबासाहेब हयात असताना, माधवराव बागलांच्या पुढाकारानं, शेजारी जोतिबा. ते अर्धपुतळे आहेत. संसदेसमोरचा, ब्रह्मेश वाघांनी घडवलेला, १९६७ मध्ये उभा राहिला तो पायापर्यंत. आणि गावोगाव आपल्या लोकांनी वर्गणी काढून जे उभे केले त्यांत हा पायापर्यंतचाच जास्त आवडला. बूट पाहिजेत. हातात पुस्तक पाहिजे. बोट पुढं पाहिजे. शिल्पकाराला कोणी नियम शिकवला नव्हता आणि आपल्यालाही नाही, पण कुठं कापायचं नाही हे आपल्या लोकांना बरोबर कळलं. २०२४ मध्ये तो संसदेचा पुतळा जागचा हलवून आवारातच दुसरीकडं नेला, तेव्हा केवढा गदारोळ झाला. पुतळा तोच, भोवतीची जागा बदलली, तरी माणसं पेटली. भोवतालाला किंमत असते ती अशी. आणि तुम्ही काय करता? चौदा एप्रिलला पुतळ्यापुढं सेल्फी काढता आणि त्यात बाबासाहेबांचं बोट कापता!

आता शेवटचं, आईचं.

ह्या खेपेला आलो ते ठरवूनच, आईचा अख्खा फोटो काढायचा. माझ्या डोक्यात चूल होती. धूर, जाळ, तिचा चेहरा. आई म्हणाली, ‘‘चुलीम्होरं नगं. चूल का माजी एकटीची हाय?’’ मग म्हणाली, ‘‘बाजारात माजी जागा हाय. तितं काड.’’ आई आठवडी बाजारात सुकट-बोंबील विकते. चार फूट जागा. त्या चार फुटांसाठी ती किती भांडलीय ते मी लहानपणापासनं बघतोय. एकदा तिची पाटी रस्त्यावर उपडी केली होती कुणीतरी. ती पुन्हा भरून तिथंच बसली.

तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, पण कमरेला पैशाची पिशवी तशीच. हातात तागडी. मी दहा पावलं मागं गेलो, गुडघ्यावर बसलो, लोक मला ओलांडून जायला लागले. पहिला फोटो, डोक्यातनं खांब. दुसरा, डोळे मिटले. तिसऱ्याला एक बाई मध्ये शिरली, ‘‘कशी दिली गं सुकट?’’ आई मला विसरली. तागडी वर धरली, एका डोळ्यानं काटा बघितला, दुसरा पाय पाटीला टेकवला. तो फोटो आला. दोन्ही पाय आहेत. सावली पाट्यांवरनं आडवी, शेजारणीच्या मिरच्यांपर्यंत गेलीय, आणि शेजारीण काही म्हणत नाही.

तो आता घरात लागलाय. आज्जीच्या फ्लेक्सचं काय केलं, असं काल एकानं विचारलं. आईनं त्यातलं आज्जीचं तोंड तेवढं कात्रीनं गोल कापून पेटीत ठेवलं. बाकीची बाई, शालू, पाटल्या, धबधबा सगळं न्हाणीवर घातलंय. पाऊस चांगला अडवती ती.

उद्या सकाळी सातला समाजमंदिरापुढं जमा. ज्याला फोन आहे त्यानं फोन, आणि प्रत्येकानं घरातलं एक म्हातारं माणूस आणायचं. तळ्यावर जायचं, का वेदगंगेवर, का शेतात, का ग्रामदैवताच्या देवळाच्या पायरीवर, ते त्या माणसानं सांगायचं, तुम्ही नाही. नऊच्या आत आटपायचं असं नाही, नऊच्या आत सुरू तरी करायचं. आणि म्हाताऱ्यांना सांगा, पायात जे रोज घालता तेच घालून या. पाय दिसणार आहेत.